मोरपंखीचं कुंपण आतून काडीकाडी झालंय: छाटणी, पाणी आणि आवारातली इतर सूचिपर्णी झाडं

शाळेचं_आवार

जिल्हा परिषद शाळेच्या रस्त्याकडच्या भिंतीला लागून मोरपंखीची ४२ झाडं आहेत. दोन-दोन फुटांवर लावलेली, उंची सात फूट, वय बारा-तेरा वर्षं. जमीन काळी, भारी. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मजुरांनी रस्त्याची बाजू मेंदीसारखी दोरीत कापली, सात-आठ इंच आत. आता त्या बाजूला नुसत्या तपकिरी काड्या आहेत. मृग लागून आठ दिवस झाले, पाऊस एकच पडला, फुटवा शून्य. ही बाजू परत भरेल का? उंचीही चार फुटांवर आणा असं गावातून म्हणणं आहे. त्याच आवारात अठरा फुटांचा ख्रिसमस ट्री आहे, शेंडा विजेच्या तारेपासून दोन-अडीच फूट. फाटकाजवळ सुरूची रांग आहे, तिलाही हाच नियम लागू का?

काडीकचरा

मेंदीसारखी कापली म्हणता, घोळ तिथंच झाला. मेंदी, कोयनेल, डुरांटा यांच्या जून लाकडात सालीखाली डोळे झोपलेले असतात. वरून छाटलं की ते जागे होतात. मोरपंखीच्या जून तपकिरी लाकडावर असे डोळे जवळजवळ नसतातच. तिची वाढ चालते ती हिरव्या खवल्यांच्या पट्टीच्या टोकाशी. पोरं विद्या म्हणून वहीत ठेवतात ना, ती पट्टी. ती ज्या काडीवर उरली नाही, ती काडी फुटत नाही. पाऊस आला तरी नाही.

सालीवर नख ओढलं तर आत ओलं हिरवं दिसेल आणि आशा लागेल. ते लाकूड जिवंत आहे एवढंच त्यावरून कळतं, फुटणार की नाही ते कळत नाही.

आधी मोजणी करा. प्रत्येक झाडाच्या कापलेल्या बाजूला दोन्ही हातांनी फांद्या फाकवून बघा. काडीवर बोटाच्या पेराएवढी जरी हिरवी पट्टी असेल तर ती काडी ठेवा. आता तिथं उजेड पोचतोय, ती हळूहळू भरेल, पण दोन पावसाळे धरून चाला. जिथं हिरवं नाहीच, त्या काड्या बुडापाशी कापून काढा आणि शेजारच्या हिरव्या फांद्या सैल सुतळीनं त्या खिंडारावर ओढून बांधा. तार वापरू नका, वर्षभरात सालीत रुतते. सुतळीही दर सहा महिन्यांनी सोडून नव्यानं बांधा.

आता पुढच्या वेळेसाठी. झुडपात हात घाला आणि टोकापासून आतल्या शेवटच्या हिरव्या खवल्यापर्यंत टेपनं मोजा. नीट राखलेल्या कुंपणात ही हिरवी जाडी आठ-दहा इंच भरते. एका छाटणीत तिचा तिसरा हिस्सा घ्यायचा, त्याहून जास्त नाही. नऊ इंच असेल तर तीन. तुमच्याकडे सात-आठ इंच गेलं, म्हणजे जवळजवळ सगळंच. त्यामागचा तपकिरी पोकळ भाग हा रोग नव्हे. तिथं ऊन पोचत नाही म्हणून जुनी पालवी गळते. निरोगी झाडातही तो असतोच, फक्त बाहेरून दिसत नाही.

आकार बुडाशी रुंद, वर निमुळता. सात फुटी कुंपणाला खाली तीन फूट आणि वर दोन फूट ठीक. उभी सरळ भिंत केली की वरचा भाग खालच्यावर सावली धरतो आणि दोन-तीन वर्षांत खालचे दोन फूट उघडे पडतात. तो भागही मग भरत नाही. दोन्ही टोकांना बांबू तिरपे रोवून दोरी ताणा. खालून वर कापत जा, म्हणजे किती घेतलं ते दिसत राहतं. मजुरांना "सरळ करा" सांगू नका, "तीन इंच" सांगा आणि पहिलं झाड स्वतः कापून दाखवा.

सात फुटांचं चार फूट होणार नाही. वरून तीन फूट उतरलात की खाली नुसता सांगाडा राहील. सहा-सव्वासहा फुटांपर्यंत जाता येईल, तेही वरची हिरवी जाडी मोजून. मधला जाड शेंडा मात्र ठरवलेल्या उंचीच्या सहा-आठ इंच खाली करवतीनं कापा, म्हणजे बाजूची हिरवाई वर येऊन ते खुंट झाकते. खुंट उंचीच्या बरोबरीत ठेवला तर कायम उघडा दिसतो.

ओलीत

भाऊ, युरिया देऊन पाणी सोडलं तं फुटन नाही का थे? आमच्याकडं संत्र्याले तं फुटते.

काडीकचरा

संत्र्याला डोळे आहेत म्हणून फुटतो, भाऊ. इथं डोळाच नाही, युरिया कोणाला खाऊ घालणार? उलट दुसऱ्या बाजूची पालवी लुसलुशीत होऊन लांबते आणि लाल कोळ्याला, म्हणजे रस शोषणाऱ्या बारीक किडीला, आयतं जेवण मिळतं. झाडामागे चार-पाच किलो चांगलं कुजलेलं शेणखत, पाऊस बसल्यावर, फांद्यांच्या घेराखाली पसरून. बुंध्याला चिकटवून नाही. यंदा एवढंच.

पानसुपारी

वेळेबद्दल कोणी लिहिलं नाही. एप्रिल-मे मध्ये छाटू नये असं ऐकलंय. मग कधी?

काडीकचरा

विदर्भापुरतं सांगतो. मुख्य छाटणी पाऊस नीट बसल्यावर, जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात, पण सलग दोन-तीन दिवस उघडीप मिळाली तरच. ओल्या पालवीवर कात्री फिरवू नका. दुसरी हलकी, नुसते टोचे घेण्यापुरती, दिवाळीनंतर. काही राहिलंच तर फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. त्यानंतर पाऊस येईपर्यंत कात्री अडकवून ठेवा.

मार्चनंतर कापलं की आतली, आजवर सावलीत वाढलेली नाजूक पालवी एकदम उघडी पडते. वर ४४-४५ अंशांचं ऊन, समोर डांबरी रस्ता. ती पालवी आठ-दहा दिवसांत पेंढ्याच्या रंगाची होते. तुमच्याकडे एक नुकसान कात्रीनं केलं आणि दुसरं उन्हानं. जिथं हिरवं शिल्लक होतं तिथलंही त्यामुळे गेलं असणार.

कात्री दोन हातांची मोठी, पाती धार लावलेली. बोथट पातं किंवा बोथट मशीन खवले चिरडतं आणि दोन-तीन दिवसांत सगळी टोकं तांबडी दिसतात. लोक त्याला रोग समजून फवारत बसतात. पेन्सिलीपेक्षा जाड काडी सिकेटरनं (एका हाताची छाटणीची कात्री), अंगठ्यापेक्षा जाड फांदी करवतीनं. वाळलेल्या किंवा सडक्या झाडावरून पुढच्या झाडावर जाताना पाती स्पिरिटच्या फडक्यानं पुसा. बिडी पेटवलेला माणूस तेव्हा जवळ नको.

कापलेला कचरा झुडपावरून झटकून काढा. वर अडकलेला गुच्छ वाळून खालच्या पालवीवर सावली धरतो. ढीग कुंपणाजवळ ठेवू नका, वाळली मोरपंखी तेलकट असते, भडका घेते. आणि शेळ्यांपुढे टाकू नका, तिच्या तेलातले काही घटक विषारी आहेत.

मुरूमाड

छाटणीचं बरोबर आहे, पण काळ्या जमिनीत मोरपंखी वाळली की सगळा दोष कात्रीवर टाकायची आपल्याला सवय आहे. मुळं बघा. वाळण्याच्या दोन तऱ्हा आहेत आणि उपाय एकमेकांच्या उलट.

पाणी कमी पडलं तर टोकांपासून आणि ऊन लागणाऱ्या बाजूनं वाळतं. बुंध्याजवळ जमिनीला बोट जाईल एवढ्या भेगा असतात. काळी माती आकसते तेव्हा त्या भेगांत बारीक मुळ्या ताणून तुटतात. म्हणून उन्हाळ्यात भेग पडू न देणं हेच खरं ओलीत.

पाणी साचून मूळ सडलं तर झाड एका बाजूनं नाही, सगळंच निस्तेज होतं. हिरवा रंग राखाडीकडे झुकतो, मग आठ-पंधरा दिवसांत पूर्ण तपकिरी. पाणी असूनही वाळतंय असं दिसतं आणि माणूस आणखी पाणी घालतो. बुंध्यापासून फूटभरावर खुरपीनं चार-पाच इंच खोदून बारीक मुळी काढा आणि दोन बोटांत धरून ओढा. निरोगी मुळीची साल घट्ट असते, आत पांढरं. सडलेल्या मुळीची साल मोज्यासारखी निघून बोटांत येते आणि मधला दोराच राहतो. जमिनीलगत बुंध्याची साल खरवडा. तपकिरी, ओलसर आणि वास येणारी असेल तर फायटोप्थोरा, म्हणजे मूळ सडवणारी बुरशी, धरा. संत्र्यातल्या डिंक्याची बुरशी याच घराण्यातली, त्यामुळे संत्रा उत्पादकांना हे चित्र नवीन नाही.

अर्ध्याहून जास्त तपकिरी झालेलं झाड वाचत नाही, मुळासकट काढा. शेजारच्या दोन्ही बाजूंच्या दोन-दोन झाडांना मेटॅलॅक्झिल आणि मॅन्कोझेब या बुरशीनाशकांचं तयार मिश्रण, लिटरला अडीच ग्रॅम, बुंध्याभोवती जिरेल असं ओता. पण आधी पाण्याला वाट करून द्या. चर न काढता औषध ओतणं म्हणजे पैसे ओतणं.

ओलीत

संत्र्याले मोठी फांदी काढली का बोर्डो मलम लावतोच आम्ही. इथं कोणी नावच नाही घेतलं?

काडीकचरा

बारीक छाटणीला काही लागत नाही. जाड फांदीलाही नीट काप असेल तर झाड स्वतः राळ सोडून आणि कड भरून बंद करतं. ऑइल पेंट, डांबर, शेण तर नकोच. त्याखाली ओल कोंडते.

मुरूमाड

इथं माझं मत वेगळं. डांबर-पेंट नको, हे मान्य. पण पावसाळ्यात, जमिनीपासून दोन फुटांच्या आत, अंगठ्यापेक्षा जाड काप असेल तर मलम लावावा. चिखलाचे शिंतोडे तिथंपर्यंत उडतात आणि बुरशी त्याच्याबरोबर येते.

मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १० लिटर. मोरचूद पाच लिटरमध्ये रात्रभर, चुना पाच लिटरमध्ये वेगळा विरवून गाळून. भांडी प्लास्टिकची, लोखंडाची नाही. दोन्ही एकत्र ओतून काडीनं ढवळा. मग घासलेल्या विळ्याचं पातं त्यात मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर मिश्रण आम्ल आहे, झाड भाजेल, थोडा चुना वाढवा. पातं जसंच्या तसं निघालं की ब्रशनं लावा. त्याच दिवशी संपवा, शिळं कामाचं नाही. आवारात पोरं असतात, बादली उघडी ठेवू नका.

काडीकचरा

बुडाजवळच्या कापापुरतं मान्य. वरच्या फांद्यांना मात्र मी नाहीच म्हणेन. आणि काप कुठं घ्यायचा ते महत्त्वाचं: फांदी खोडाला मिळते तिथं सालीची सुरकुतलेली, किंचित फुगीर कड असते, तिच्या बाहेरून. खोडाला घासून कापलं तर ती कड जाते आणि जखम भरत नाही. चार बोटं खुंट ठेवला तर तो वाळतो आणि वाळवी तिथून शिरते. जड फांदीला तीन काप: फूटभर बाहेर खालून तिसऱ्या हिश्श्यापर्यंत, त्याच्या थोडं पुढं वरून आरपार, मग उरलेला खुंट कडेशी. एकाच कापात काढायला गेलात तर फांदी आपल्या वजनानं खोडाची साल ओरबाडत खाली येते.

तारेखाली

ख्रिसमस ट्रीबद्दल मी लिहितो. हा अरोकेरिया. यात कुंपणाची छाटणी बसतच नाही. फांद्या मजल्यामजल्यानं, एका ठिकाणाहून चक्राकार येतात आणि शेंडा एकच. शेंडा उडवला की एकतर झाड तसंच बोडकं राहतं किंवा कापाखालून दोन-तीन नवे शेंडे उभे राहतात. ते दोन-तीन वर्षांत पुन्हा तारेला भिडतात. शिवाय त्यांचा सांधा खोडाला नीट बसलेला नसतो, वादळात तिथूनच फाटतात. म्हणजे तार वाचवायला कापलं आणि तारेवर पडणारं झाड तयार केलं.

अठरा फूट ही याची बाल्यावस्था आहे. हे शंभर फुटांच्या पार जाणारं झाड. तारेखालचं काढा आणि मोकळ्या जागी, तार आणि इमारतीपासून तीस-पस्तीस फूट दूर, नवीन लावा. आधी ग्रामपंचायतीचा ठराव, लेखी परवानगी, आणि महावितरणकडे अर्ज देऊन लाइन बंद करून घ्या. अडीच फुटांवर तार असताना शिडी लावून कोणी चढू नये, ओल्या झाडातून करंट उतरतो.

काढेपर्यंत खालच्या फांद्या छाटून "मोकळं" करू नका. अरोकेरियाचा गेलेला मजला परत येत नाही. खालचे मजले आपोआप वाळत असतील तर बहुधा सिमेंटच्या फरशीचा ताव किंवा पाण्याची ओढ.

पानसुपारी

आमच्याकडचा अरोकेरिया दरवर्षी एका बाजूला झुकत चाललाय. बांबू बांधून सरळ होईल का? आणि फांदी लावून रोप होतं का?

तारेखाली

कोणत्या बाजूला? दक्षिणेला असेल तर तो मूळचा न्यू कॅलेडोनियाचा, सडपातळ खांबासारखा वाढणारा प्रकार. आपल्याकडे ख्रिसमस ट्री म्हणून तो खूप विकला जातो. त्याची सवयच अशी आहे: विषुववृत्ताच्या उत्तरेला लावला तर दक्षिणेकडे, दक्षिणेला लावला तर उत्तरेकडे झुकतो. २०१७ मध्ये यावर मोजमापं घेऊन अभ्यास प्रसिद्ध झाला. बांबूनं फरक पडणार नाही. बुडाशी माती फुटलेली किंवा मुळं उचललेली नसतील तर सोडून द्या. माती फुटली असेल तर तो झुकाव वेगळा आणि धोक्याचा.

बाजूच्या फांदीचं रोप करू नका. मूळ धरलं तरी ते आयुष्यभर आडवंच वाढतं, उभं होत नाही. बियांचं रोप घ्या.

शाळेचं_आवार

आणि सुरू?

काडीकचरा

सुरू सूचिपर्णी नाहीच, दिसतो तसा. एक "सुई" घ्या आणि दोन्ही टोकं धरून ओढा. सांध्यातून टप्पकन सुटेल. सांध्याभोवती बारीक दातरे दिसतील, सहा ते आठ. ते दातरे म्हणजे त्याची पानं, सुई म्हणजे हिरवी काडी. फळही शंकूसारखं दिसतं इतकंच. सुरू फुलणारं झाड आहे, मुळांवर गाठी धरून हवेतला नत्र घेतो आणि मोरपंखीपेक्षा छाटणी पुष्कळ सोसतो. जुलैत फूट-दीड फूट खाली आणलात तरी फुटेल. नियम वेगळा, पण जून जाड खोडापर्यंत त्यालाही नेऊ नका.

पानसुपारी

लिंबाच्या वासाचा पिवळा सायप्रस डिसेंबरमध्ये घेतला होता, कुंडीत. मे मध्ये कोरडा ठाक.

तारेखाली

तो कॅलिफोर्नियाच्या थंड, धुक्याच्या किनाऱ्याचा. आपला मे त्याला झेपत नाही, छाटणीचा संबंध नाही. हौस असेल तर दिवाळी ते होळी पाहुणा समजून ठेवा.

शाळेचं_आवार

मोजणी झाली. ४२ पैकी २६ झाडांत कापलेल्या बाजूला काड्यांवर थोडं थोडं हिरवं आहे. १६ मध्ये काहीच नाही. त्यातली ११ झाडं शाळेच्या बाजूनं चांगली हिरवी आहेत. उरलेली पाच पाण्याच्या नळाजवळ, सलग ओळीत, दोन्ही बाजूंनी फिक्कट. मुळी ओढली, साल हातात आली. शिवाय २६ पैकी काहींवर पालवी धुरकट, मळकट दिसते, बारीक जाळी आहे.

मुरूमाड

पाच झाडं नळानं मारली, कात्रीनं नाही. नळाचं सांडपाणी आधी वळवा. ती पाच काढा, मुळ्या जितक्या निघतील तितक्या काढून वाळवा, ढिगात टाकू नका.

काडीकचरा

अकरा झाडांना सुतळीची युक्ती करा, काढू नका. शाळेकडून ती उभी राहतील. रस्त्याकडून दोन-तीन वर्षं खिंडार दिसेल. ते सहन होत नसेल तर त्यांच्यापुढं तीन फूट सोडून कोयनेलची ओळ लावा. जुन्या दोन झाडांच्या फटीत नवी मोरपंखी खुपसू नका, ना ऊन ना पाणी, ती लंबूळकी होऊन मरते.

जाळीसाठी: पांढरा कागद खाली धरून फांदी झटका. पडलेले ठिपके चालायला लागले आणि बोटानं रेघ ओढल्यावर तांबूस डाग उमटला तर लाल कोळी. कीटकनाशक उचलू नका, ते कोळी खाणाऱ्या किड्यांनाच आधी मारतं आणि कोळी दुप्पट होतात. पाईपला बोट लावून जोरात पाणी मारा, खालून वर, पालवीच्या आतपर्यंत, सकाळी. तीन-चार दिवसांच्या अंतरानं तीनदा. तरीही राहिले तर पाण्यात विरघळणारं ८० टक्के गंधक लिटरला ३ ग्रॅम. पारा ३५ च्या वर असताना मात्र नाही, पालवी भाजते. म्हणजे पाऊस बसून हवा उतरेपर्यंत पाण्यावरच भागवा.

शाळेचं_आवार

कागदावर चालले. पाणी मारणं सुरू करतो. नळाजवळच्या पाच जागी नवीन कधी आणि कसं लावू? दोन बाय दोन फुटांचा खड्डा करून मुरूम-वाळू-शेणखत भरायचं ठरतंय.

मुरूमाड

तसा खड्डा नको. काळ्या मातीत सच्छिद्र माल भरलेला खड्डा म्हणजे जमिनीत पुरलेली बादली. चहूकडचं पाणी त्यात उतरतं आणि बाहेर पडत नाही, तुमची मुळं पुन्हा तिथंच कुजतील. त्याऐवजी वरंबा करा: तीन फूट रुंद, फूटभर उंच, त्याच जागेच्या वरच्या मातीत चौथा हिस्सा शेणखत मिसळून. संत्र्याचे गादीवाफे करतात तसाच. भिंतीच्या बाजूनं नऊ इंचांचा चर, उताराकडे काढलेला. यंदा त्या जागेत लावू नका, उन्हाळाभर उघडी तापू द्या, पुढच्या जुलैत लावा. अंतर दोन फूट, रोप पिशवीतल्या मातीच्या पातळीलाच, खोल नाही. पिशवीत मुळं गोल फिरली असतील तर तीन ठिकाणी उभी चीर द्या.

पहिल्या दोन उन्हाळ्यांत रोपाला चार-पाच दिवसांनी दहा-बारा लिटर, ठिबक असेल तर ताशी चार लिटरचे दोन ड्रिपर, खोडापासून नऊ इंच दूर. मोठ्या झाडांना आठ-दहा दिवसांनी तीस-चाळीस लिटर, सावकाश. पाणी देण्याआधी चार इंच खोदून माती मुठीत दाबा. गोळा झाला तर त्या दिवशी नको.

ओलीत

आन् खाली सोयाबीनचं कुटार, म्हंजे मळणीचा भुसा, टाका, चार बोटं जाड. भेगाच पडत नाही मंग. बुडापासून वीतभर दूर ठेवजा पण, नाही तं वाळवी वर चढते. मातीच्या नळ्या दिसल्या खोडावर का झाडूनं पाडून टाका आन् आतलं लाकूड ठोकून पाहा, पोकळ वाजलं तं सांगा इथं.

शाळेचं_आवार

कुटार मिळेल. अकरातल्या दोन झाडांवर नळ्या आहेत, उद्या ठोकून बघतो.